कांचेंतील समुद्र आणि त्याचा खालचा हौद

समुद्र घरांत आणून ठेवतां येईल, ही कल्पना मनुष्यास तशी उशिरांच सुचली. गोड्या पाण्यांतील मासे कुंडांत व हौदांत पाळण्याची चाल चीनमध्यें शेंकडों वर्षें होती. पण खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. किनाऱ्यावरून घागरभर पाणी व त्यांत चार जीव घेऊन घरीं यावें, तों दोन-तीन दिवसांत पाण्यास दुर्गंधि सुटावी आणि जीव तळाशीं मरून पडावे, हाच बहुतेकांचा अनुभव. हें पाणी सडतें कां, आणि तें सडूं नये म्हणून त्याची निगा कोणीं व कोठें राखावयाची, या दोन प्रश्नांचा इतिहास म्हणजेच प्रवाळ-मत्स्यालयाचा इतिहास होय. दिवाणखान्यांतील सुंदर टांकीखालीं कपाटांत दडविलेला जो हौद असतो, ज्यास या छंदांतील माणसें ‘सम्प’ म्हणतात, त्याची वंशावळ दीडशें वर्षांपलीकडे जाते.

या कामीं पहिलें नांव एका स्त्रीचें घ्यावें लागतें. झान विल्प्रे-पॉवर ही फ्रेंच विदुषी सिसिलींतील मेसिना येथें राहत असे. आर्गोनॉट नांवाचा अष्टपाद प्राणी आपला शिंपला स्वतः घडवितो कीं दुसऱ्याचा बळकावतो, असा त्या वेळीं वाद होता. तो मिटविण्यासाठीं तिनें १८३२ सालीं कांचेच्या पेट्या करविल्या, त्यांत तो प्राणी पाळला आणि शिंपला त्याचा स्वतःचाच असल्याचें दाखवून दिलें. पण मेसिना हें बंदर. ताजें पाणी तिच्या हाताशीं होतें.

लंडनमध्यें ही सोय नव्हती. १८४६ सालीं अॅना थिन नांवाची एक संभावित घराण्यांतील बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असतां तिला पाषाणप्रवाळ दिसले आणि ते घरीं न्यावे असें तिच्या मनानें घेतलें. प्रवासांत ते आपटूं नयेत म्हणून तिनें ते सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजास टांचले, समुद्राचें पाणी बरणींत भरलें आणि तें बिऱ्हाड लंडनला आणलें. आरंभीं ती पाणी वरचेवर किनाऱ्याहून मागवी. पुढें तिनें तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतविण्याचा क्रम धरला. रोज अर्धा-पाऊण तास ही ओतओत चाले. अर्थात् हात असत ते मोलकरणीचे. उंचावरून पडतांना पाणी हवा पिऊन घेई व प्रवाळांचा श्वास चालू राही. १८४७ त तिनें पाण्यांत समुद्रांतील वनस्पतीहि ठेवल्या. ते प्रवाळ सुमारें तीन वर्षें जगले. आज टांकीखालीं रात्रंदिवस गुणगुणणारा पंप जें करतो, तें त्या मोलकरणीचेंच काम होय.

वनस्पतींचा उपयोग कां होतो, याचा शास्त्रीय उलगडा रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें केला. १८४९ सालीं त्यानें बारा गॅलन पाण्यांत दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरियाचीं रोपें ठेवलीं. कुजक्या पानांनीं पाणी बिघडूं लागतांच त्यानें त्यांत गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकलें आणि पाणी पुन्हां निवळलें. प्राणी व वनस्पति यांचा असा समतोल साधला म्हणजे पाणी बदलण्याचें कारण नाहीं, हें त्याचें प्रतिपादन १८५० त प्रसिद्ध झालें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील मत्स्यगृह १८५३ त उघडलें; १८५४ त फिलिप हेन्री गॉस यानें आपल्या पुस्तकानें ‘अॅक्वेरियम’ हें नांव रूढ केलें. लॅटिनमध्यें हा शब्द गुरांच्या पाणवठ्याचा! इंग्लंडांतील घरोघर त्याचें वेड लागलें, आणि ज्या डेव्हनच्या खडकांतील डबकीं गॉसनें इतक्या प्रेमानें वर्णिलीं, तीं त्याच्याच वाचकांनीं ओरबाडून नेलीं. त्याच्या मुलानें पुढें १९०७ सालीं या लुटीबद्दल खेदानें लिहिलें. आपल्याकडे पाषाणप्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं संरक्षण मिळालें आहे. मालवणच्या समुद्रांतून तुकडा उचलून आणणें हा गुन्हा आहे, हें या छंदाच्या मोहांत पडणारानें आधीं ध्यानीं घ्यावें.

समतोलाचें तत्त्व वाचावयास गोड, पण घरोघरच्या टांक्यांत तें टिकेना. ऊन अधिक लागलें कीं पाणी हिरवें होई. जीव अधिक भरले कीं सडे. येथें विल्यम अॅल्फर्ड लॉइड पुढें आला. लंडनमध्यें मत्स्यालयाच्या सामानाचें दुकान चालविणारा हा मनुष्य विद्यापीठांतला नव्हे, पण निरीक्षणांत पक्का. हिरवें झालेलें समुद्राचें पाणी अंधारांत ठेवलें कीं तें कालांतरानें आपोआप निवळतें, हें त्यानें पाहून ठेवलें होतें. हॅम्बर्ग येथील अनुभवानंतर १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय त्याच्या योजनेप्रमाणें उभें राहिलें. वर लोकांनीं पाहावयाच्या टांक्या. खालीं काळोखांत एक प्रचंड हौद, आणि त्यांत वरच्या सर्व टांक्यांच्या कितीतरी पट पाणी! पंपानें पाणी सतत वर जाई व आपल्या वजनानें खालीं येई. वर एखादा मासा मेला तरी त्याचें विष एवढ्या पाण्यांत विरून जाई. पाहणाराला जें दिसतें त्यापेक्षां न दिसणारें पाणी अधिक असावें, हा लॉइडचा शोध. सम्पचा खरा जनक तोच.

तरीहि, अंधारांत पाण्याचें नेमकें काय होतें, हें त्याला ठाऊक नव्हतें. उत्तर मत्स्यालयांतून न येतां सांडपाण्यांतून आलें. १८७७ सालीं श्लोसिंग व म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपविलें. वीस दिवस कांहीं घडलें नाहीं. मग अमोनिया नाहींसा होऊन नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच क्रिया थांबली. तेव्हां हें काम वाळूचें नसून तीवर वाढलेल्या सूक्ष्म जंतूंचें, हें उघड झालें. रॉथॅमस्टेड येथें या शोधाचा पाठपुरावा करून, ही क्रिया दोन टप्प्यांनीं होते व प्रत्येक टप्प्याचे जंतु वेगळे, असें ज्यानें दाखविलें त्याचेंहि नांव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो त्या पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा! बापानें ज्या टांकीचा समतोल मांडला, तींतील न दिसणारे कामकरी मुलानें ओळखले. परंतु बाप १८६७ सालींच वारला होता. ते जंतु वेगळे करण्याचें श्रेय मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीनें मिळविलें.

नव्या टांकींत जीव घालण्यापूर्वीं कित्येक आठवडे थांबावें लागतें तें याच जंतूंच्या वाढीसाठीं. श्लोसिंगचे ते वीस दिवस प्रत्येक घरांत पुन्हां काढावे लागतात. ज्याला एवढा धीर नाहीं त्यानें हा छंद करूं नये.

पण जंतूंचें काम नायट्रेटपाशीं थांबतें, आणि प्रवाळांस तेंहि फार सोसत नाहीं. १९६१ सालीं जाकार्तांतील ली चिन एंग यानें आपली ‘नैसर्गिक पद्धति’ प्रसिद्ध केली: समुद्रांतील जिवंत जीवांनीं भरलेले खडक, ऊन व हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर त्याचे प्रवाळ जगत. त्या खडकांच्या पोटांत, प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, निराळे जंतु नायट्रेट फोडतात. दुसरा उपाय वॉल्टर एडी या अमेरिकन शास्त्रज्ञानें काढला. त्यानें १९८० त वॉशिंग्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत प्रवाळबेट मांडलें व बाजूस प्रकाशाखालीं शेवाळाचे गालिचे वाढविले. शेवाळानें नायट्रेट व फॉस्फेट शोषावें, माणसानें तें खरवडून बाहेर टाकावें. माशांच्या तोंडापासून दूर असा वेगळा कुंड ठेवल्यास त्यांत बारीक कवचधारी जीव निर्धास्तपणें वाढतात व प्रवाहाबरोबर वर जाऊन अन्न होतात. हेंच आश्रयस्थान, रेफ्यूजियम.

घरगुती रचनेंत या सर्वांची गांठ पडते. वरच्या टांकीच्या कांठावरून ओसंडलेलें पाणी नळानें सम्पच्या पहिल्या कप्प्यांत येतें. तेथें गाळ अडतो व स्किमर फेसाबरोबर घाण उचलतो. पुढच्या कप्प्यांत कीटोमॉर्फा हें गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारखें शेवाळ असतें. कॉलर्पा दिसण्यांत देखणें, पण कधीं एकाएकीं प्रजननपेशी सोडून सारें पाणी गढूळ करतें. या कप्प्यावरील दिवा वरचा दिवा मालवल्यावर लावावा, म्हणजे रात्रीं साठणारा कार्बन डायॉक्साइड शेवाळ वापरतें व पाण्याची आम्लता वाढत नाहीं. शेवटच्या कप्प्यांत पंप. बाष्पीभवनाची घट याच कप्प्यांत दिसते, आणि ती गोड्या पाण्यानेंच भरावयाची, कारण मीठ उडून जात नाहीं.

वीज जाते तेव्हां या सम्पची परीक्षा होते. चार फूट लांब व दीड फूट रुंद टांकीचें पाणी एक इंच उतरलें कीं सुमारें १४ लिटर खालीं येतें, शिवाय नळांतलें वेगळें. परतीच्या नळाचें तोंड पाण्यांत खोल असेल तर तो उलटा ओढूं लागतो. म्हणून त्यास पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोंक पाडतात व तें शेवाळानें बुजूं देत नाहींत. पहिल्याच दिवशीं पंप मुद्दाम बंद करून पाहावा. चालू असतांना किती पाणी ठेवलें म्हणजे बंद होतांच तें कांठाखालीं राहतें, तेथें सम्पच्या कांचेवर रेघ मारावी.