पहाटेची किक

आनेकलच्या नावातच हवामान आहे. कन्नडमध्ये ‘आनेकल्लु’ म्हणजे आभाळातून पडणारी गार. शब्द फोडून वाचला तर ‘हत्तीचा दगड’ होतो आणि नवखा मराठी माणूस हमखास तेवढ्यावर थांबतो. पण गारांचं नाव लावणाऱ्या या गावात थंडी काही फार पडत नाही. बेंगळुरूत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस, तेही १३ जानेवारी १८८४ रोजी. एरवी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळाच्या आसपास रेंगाळतो. शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवरच्या आनेकलची तऱ्हा फारशी वेगळी नाही. पहाटे धुकं येतं, नऊपर्यंत ऊन पडतं, दुपारी पंखा लागतो. याला थंडी म्हणतात असं निफाडच्या द्राक्षबागायतदाराला सांगितलं तर तो हसेल.

तरीही या भागातल्या साठीपुढच्या मोटरसायकलवाल्यांशी बोलताना हिवाळ्याचा विषय निघाला की गोष्ट एकच असते: सकाळची पाळी, पायाखालची किक आणि सुरू न होणारी गाडी. अनुवादाचं काम करत असल्यामुळे असेल, लोक तक्रार करताना नेमकं कुणाला दोषी धरतात ते ऐकायची मला खोड आहे. इथे दोषी असते थंडी. ते पूर्ण खरं नसावं असा माझा संशय आहे, कारण ज्या गाडीबद्दल ही मंडळी बोलत असतात ती मुळात बर्फाच्या देशात जन्मली होती.

ती गाडी म्हणजे जावा, आणि पुढे येझदी. चेकोस्लोव्हाकियात १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीची मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव केलं. मराठी घरात या नावावर विनोद होणं अटळच होतं. एका दारात दोन जावा उभ्या केल्या तर भांडण लागणारच, वगैरे. भारतात ही गाडी आणली मुंबईच्या इराणी कुटुंबानं. त्यांच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना म्हैसूरच्या यादवगिरी भागात उभा राहिला आणि १९६१ साली जयचामराजेंद्र वडेयार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. एकेकाळचे महाराज तेव्हा म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते. १९७३ पासून गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव येऊ लागलं. या नावाच्या दोन कुळकथा सांगतात. एक, इराणमधल्या याझ्द शहराची, जिथून झरथुष्ट्री घराणी इकडे आली. दुसरी चेक भाषेतली: तिथे ‘येझदी’ म्हणजे ‘तो गाडीनं जातो-येतो’. दोन भाषांनी एका शब्दावर असा हक्क सांगितला की माझ्यासारखीला कोणतीच कथा सोडवत नाही.

तर प्रश्न असा, की प्रागच्या हिवाळ्यात धावणारं यंत्र आनेकलच्या पंधरा अंशांत का अडून बसावं?

त्यासाठी यंत्राच्या पोटात थोडं डोकवावं लागतं. जावाचं इंजिन एका सिलिंडरचं, सुमारे २५० सीसीचं आणि दोन-स्ट्रोकचं. सिलिंडर एकच, पण धुराच्या नळ्या दोन. दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसे, तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. पेट्रोल पंपावर त्यासाठी हातानं फिरवायचं वेगळं यंत्र असे. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होई, जास्त झालं तर प्लगवर काजळी धरे. लोक अर्थातच जास्त घालत, कारण पिस्टनच्या मानानं प्लग स्वस्त. रात्री गाडी उभी राहिली की इंजिनाच्या तळाशी उरलेलं पेट्रोल उडून जाई आणि तेल मागे राही. पहाटेच्या पहिल्या किकेला प्लगपर्यंत पोचे ते हे तेल.

बरं, ठिणगी पडायची ती सहा व्होल्टच्या बॅटरीच्या जिवावर. गारठ्यात बॅटरी मंदावते, जुनी झालेली अधिकच. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट म्हणजे दोन छोटे धातूचे तुकडे, दर फेरीला एकमेकांपासून सुटणारे. त्यांच्यावर रात्रीचं दव धरलं तरी काम थांबे. चोक ओढायची सोयही या गाडीत नव्हती. यिकोव्ह कार्बोरेटरवर एक बारीक बटण असे. ते दाबून पेट्रोल ओसंडू द्यायचं, बोटाला ओल लागली की पुरे. त्याहून जास्त दाबलं तर गाडी ‘ओव्हर’ होई. मग प्लग काढा, पुसा, पेट्रोलचा कॉक बंद करून पाच-सहा किका मारा आणि पुन्हा पहिल्यापासून. किकेची दांडी तरी सरळ असावी? जावाला किक आणि गिअर यांची दांडी एकच. वर फिरवली की ती किक, खाली आणली की गिअर. उसनी गाडी घेऊन निघालेला माणूस पहिल्यांदा किकच शोधत बसे.

यातलं काहीच एकट्यानं गाडी बंद पाडायला पुरेसं नव्हतं. नव्या गाडीत, चांगल्या पेट्रोलवर, घट्ट बॅटरीवर पंधरा अंश म्हणजे काहीच नव्हे. पण या गाड्या नव्या नसत. परवान्याच्या काळात किती दुचाक्या बनवायच्या हे कारखान्याच्या परवान्यातच लिहिलेलं असे. पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबत. अशा वेळी हाती असलेलं वाहन दहा वर्षांत बदलण्याचा प्रश्नच येत नव्हता. ते वडिलांकडून मुलाकडे जाई आणि बहुधा प्लगची चावीही सोबत जाई.

दुसरं कारण कमी सांगितलं जातं, मला ते महत्त्वाचं वाटतं. रेशनचं रॉकेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि पेट्रोलमध्ये त्याची भेसळ हे देशभरातलं उघड गुपित होतं. ती ओळखू यावी म्हणून सरकारनं रॉकेलला निळा रंग दिला. रॉकेलचा गुण असा की ते पेट्रोलसारखं चटकन उडत नाही. उन्हाळ्यात, तापलेल्या इंजिनात, भेसळीचं पेट्रोल धूर काढत का होईना जळून जाई. पहाटेच्या गारठ्यात मात्र त्याची वाफच होत नसे. म्हणजे वर्षभर चाललेल्या चोरीचा हिशेब डिसेंबरात, गिऱ्हाइकाच्या पोटरीत गोळा येईपर्यंत मारलेल्या किकांमध्ये निघे. शिव्या थंडी खाई.

म्हणून ‘घरच्या घरी दुरुस्ती’ हा शब्द मला जरा जपून वापरावासा वाटतो. आज जुन्या गाड्यांचे शौकीन रविवारी सकाळी अंगणात इंजिन उघडून बसतात, तो छंद आहे, आणि छानच आहे. पण १९७५ साली सहाच्या पाळीला पोचायचं असलेल्या माणसाचा तो छंद नव्हता. पाच वाजता कुठलंही गॅरेज उघडं नसे. भोंगा झाल्यावर पोचलं तर अर्धा दिवस कापला जाई.

बेंगळुरूकडे एक जमेची बाजू होती. हे कारागिरांचं शहर. हिंदुस्तान एअरक्राफ्ट १९४० ची, टेलिफोन बनवणारी आयटीआय १९४८ ची, घड्याळं आणि त्याहून आधी यंत्रं बनवणारी एचएमटी १९५३ ची, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ ची. यांपैकी कुठल्याही कारखान्यातला फिटर किंवा टर्नर मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटांनी ओळखणारा असे. १९५१ साली स्थापन झालेली मायको आडुगोडीत प्लग बनवत होती, म्हणजे जावाच्या नाकात बसणारा प्लगही गावचाच. जयचामराजेंद्र रस्त्यावर सुट्या भागांचा बाजार होता, अजूनही आहे. तेव्हा लोक मेकॅनिककडे जात ते इंजिन उतरवायचं असेल तेव्हा. बाकीचं घरी होई.

घरी म्हणजे कुठे, हा प्रश्न पुरुष सहसा विचारत नाहीत. प्लगची काजळी पॉलिश पेपरनं घासली तरी त्यात मुरलेलं तेल जात नसे, ते जाळावं लागे. प्लग जळे स्वयंपाकघरात, चहाच्या आधणाशेजारी, सांडशीत धरून. पेट्रोलनं ओला प्लग पेटत्या स्टोव्हवर धरणं हे किती धोक्याचं होतं ते आज लिहितानाही अंगावर येतं. पॉइंट पुसायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, कारण त्याचा धागा सुटत नाही. प्लगच्या फटीचं माप घ्यायला लोखंड कापायच्या करवतीचं पातं, कारण त्याची जाडी ०.६३ मिलिमीटर आणि फट साधारण तेवढीच लागते. अंधारात विजेरी धरून उभी असे ती बायको किंवा शाळेत जाणारी मुलगी. मोटरसायकल दुरुस्तीच्या आठवणींमध्ये या विजेरी धरणारीचा उल्लेख क्वचित येतो. तिला मात्र सगळं पाठ असे. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन जणी आजही प्लगचा रंग ऐकून सांगतात: कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला काळा म्हणजे तेल जास्त, विटकरी म्हणजे उत्तम.

महाराष्ट्रात याच काळात वेगळं नाट्य चाललं होतं. बजाजची स्कूटर सकाळी सुरू होईना की तिला एका अंगावर कलती करायची, मग उभी करून किक मारायची. ही कसरत न पाहिलेला पन्नाशीचा मराठी माणूस सापडणार नाही. लोक तिला अंधश्रद्धा समजून हसतात. पण त्यामागची कल्पना जावाच्या बटणासारखीच: थंड इंजिनाला पहिल्या घासापुरतं जास्तीचं पेट्रोल द्यायचं. खेड्यापाड्यांतून दुधाचे कॅन लादून जाणाऱ्या राजदूतचं दुखणंही याच जातीचं. ती गाडी मूळची पोलंडची, म्हणजे तिलाही थंडी नवी नव्हती.

हे ज्ञान कुठे लिहिलेलं होतं? माझ्या पाहण्यात आलेल्या जावा-येझदीच्या मालकपुस्तिका इंग्रजीत आहेत, आणि त्यांतलं इंग्रजी चेकमधून आल्यासारखं अवघडलेलं आहे. ती पुस्तिका बहुतेक घरांत आरसीच्या कागदांबरोबर पेटीत राहिली. खरं शिक्षण तोंडी झालं, तेही एका भाषेत नाही. आनेकलच्या परिसरात कन्नड, तमिळ, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा एका गॅरेजात ऐकू येतात. शिवाय बदलीवर आलेले मराठी लोक. पण ‘प्लग शॉर्ट’, ‘पॉइंट खराब’, ‘गाडी ओव्हर’ हे शब्द सगळ्यांचे. इंग्रजी म्हणावे तर इंग्रज माणसाला ते कळणार नाहीत. मराठीनं त्यात ‘काजळी’ आणि ‘कचरा’ घातले. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ हे निदान मी किती घरांत ऐकलं असेल! दिव्याच्या काचेवरची काजळी इंजिनात गेली ती अशी कुणी न ठरवता. परिभाषा समितीला हे सुचलं नसतं.

मग चित्र पालटलं, आणि त्याची एक सुरुवात आनेकलच्या शेजारीच झाली. सीमेपलीकडे, पंधराएक किलोमीटरवरच्या होसूरला १९८० मध्ये टीव्हीएस ५० ही मोपेड बाहेर पडली आणि १९८४ मध्ये तिथूनच सुझुकीच्या सहकार्यानं बनवलेली शंभर सीसीची मोटरसायकल आली. पाठोपाठ होंडा, यामाहा, कावासाकी. पॉइंटची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक इग्निशननं घेतली, चार-स्ट्रोकमुळे पेट्रोलमधलं तेल गेलं, काजळी गेली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा मानक लागू झालं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटरही गेला. आता किती पेट्रोल द्यायचं ते सेन्सर ठरवतो. बटण दाबलं की पहाटे पाचलाही गाडी सुरू होते, आणि पाळीला जाणाऱ्याच्या दृष्टीनं हे सुखच आहे. त्यात खोट काढायला मी बसलेली नाही. मात्र ती जेव्हा सुरू होत नाही तेव्हा मालकाला करण्यासारखं जवळपास काही उरत नाही. दिवा लागतो, त्याचा अर्थ कंपनीच्या यंत्राला जोडल्यावरच कळतो. गाडी आपली असते, तिचं दुखणं कळण्याची सोय दुसऱ्याकडे.

म्हणूनच जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांकडे मी नुसतं हौशी म्हणून पाहत नाही. त्यांच्यावर आता नवा हिवाळा आला आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. कोल्हापूर-सांगलीच्या उसाला त्यानं भाव मिळाला तर मराठी माणूस तक्रार करणार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, आणि त्यात स्वतःचाच ऑक्सिजन असल्यानं चाळीस वर्षांपूर्वी जुळवलेल्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं. थंड इंजिनाला नको असतं तेच. पंधरा अंशांतली किक पुन्हा जड झाली आहे. कार्बोरेटरचा जेट बदलणं, नळ्या बदलणं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करणं, हे पुन्हा एकमेकांना विचारून चाललं आहे.

आणि पेट्रोल तपासणंही. त्याची रीत साधी आहे. मापं कोरलेली काचेची नळी घ्यायची, शंभर मिलिलिटर पेट्रोल ओतायचं, दहा मिलिलिटर पाणी घालायचं, हलवून ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं. दहा मिनिटांत तळाचा थर दहाच्या रेघेवरून तिशीच्या जवळ चढलेला दिसतो. नळी ठेवायला सपाट जागा लागते, म्हणून ती बहुधा स्वयंपाकघराच्या ओट्यावरच ठेवतात. गॅस बंद करून.