नळकामाचे तांबे आणि घरी बांधलेल्या मोटारी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये घरच्या घरी मोटार जुळवण्याची जी परंपरा रुजली, तिच्या मुळाशी हौसेइतकाच करही होता. 1940 साली लागू झालेला खरेदी कर तयार मोटारीवर पडे; सुट्या भागांच्या रूपात घेऊन ग्राहकाने स्वतः जोडलेल्या गाडीला, म्हणजे ‘किट कार’ला, तो लागत नसे आणि 1957 साली आलेली ‘लोटस सेव्हन’ याच सवलतीचा लाभ घेऊन विकली गेली. 1 एप्रिल 1973 रोजी मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली, हौस मात्र टिकली.

सेव्हनमध्ये इंजीन पुढे आणि रेडिएटर, म्हणजे इंजिनात तापलेले पाणी वाऱ्याने निववणारी जाळी, त्याच्याही पुढ्यात असल्यामुळे हातभर रबरी होजने काम भागे. शर्यतीच्या गाड्यांत इंजीन चालकाच्या पाठीमागे गेले आणि 1966 सालच्या ‘लोटस युरोपा’सारख्या गाड्यांनी ती रचना रस्त्यावर आणली, तेव्हा हौशी बांधणाऱ्यांनाही तिचा मोह पडला, पण वारा पुढे आणि उष्णता मागे असल्याने पाण्याच्या जाण्यायेण्यासाठी गाडीच्या पोटातून दोन लांब नळ्या नेणे भाग पडले. नेमक्या त्याच काळात ब्रिटिश घरांत मध्यवर्ती तापनव्यवस्था, म्हणजे बॉयलरचे गरम पाणी पंपाने खोलोखोली फिरवण्याची सोय, झपाट्याने पसरत होती आणि 28 मिलिमीटर बाह्य व्यासाची तांब्याची नळी बांधकाम साहित्याच्या दुकानात सहज मिळत होती. तत्त्वतः घर आणि गाडी यांत फरक एवढाच, की एकात उष्णता हवी असते आणि दुसऱ्यात नकोशी.

पोलादी नळी जोडायला वेल्डिंग यावे लागे. तांब्याला गॅसची छोटी बत्ती पुरे. काही जोडतुकड्यांच्या आतल्या खाचेत डाखाचे कडे आधीच बसवलेले असे, त्यामुळे नळी घासून, फ्लक्स लावून आत सरकवायची आणि तापवायची, की सांध्याच्या कडेला डाखाची चकचकीत रेघ उमटे. शिसे-कथलाचा डाख सुमारे 183 अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तर दाबाखालचे पाणी साधारण 120 अंशांपलीकडे जाण्याआधीच उकळते. म्हणून सांधा वितळण्याची भीती फारशी रास्त नव्हती.

खरी अडचण हादऱ्यांची होती. घर हलत नाही, मोटार सतत हलते, आणि वारंवार वाकलेले तांबे कडक होऊन तडकते. त्यामुळे नळी गाडीच्या सांगाड्याला पक्की बांधून तिच्या दोन्ही टोकांना रबरी होज ठेवावाच लागे. गुळगुळीत टोकावरून होज निसटू नये म्हणून काटकसरी कारागीर नळकामातलेच ‘ऑलिव्ह’ नावाचे पितळी कडे टोकाजवळ डाखून उंचवटा करी आणि क्लिप त्याच्या आतल्या बाजूला आवळी. ही युक्ती कारखान्यातल्या कोणत्याही उपायाइतकीच समंजस म्हणावी लागेल.

जुने रेडिएटर तांब्या-पितळेचेच असल्याने धातूंचे वैर तिथे उद्भवत नसे. ॲल्युमिनियमचे इंजीन किंवा रेडिएटर आले, की मात्र पाण्यात विरघळलेले तांबे त्याच्या पृष्ठभागावर बसून त्याला खड्डे पाडी, आणि गंजरोधक मिसळलेले कूलंट ठरल्या मुदतीत बदलणे अटळ होई. नळ्यांच्या सर्वांत उंच वळणावर हवा अडकली तर पाणी फिरत नसे. तिथे हवा सोडण्याचा स्क्रू बसवावा लागे, जसा घरातल्या रेडिएटरवर असतो. आणि त्या नळ्या दोन आसनांच्या मधून गेल्या, तर उन्हाळ्यात चालकाची मांडी चांगलीच शेकून निघे.