वृत्तछायाचित्रांचे संपादन : नीतिसंकेत

बातमीसोबतच्या छायाचित्राची निवड, कातरणी, उजेड-रंगांची दुरुस्ती, फोटोओळ आणि पानातली जागा ठरवताना पाळायचे संकेत. वाचक घटनास्थळी नसतो. तिथे काय घडले हे तो छायाचित्राच्या भरवशावर मानतो. म्हणून चित्र स्पष्ट करण्याची मुभा आहे, घटना बदलण्याची नाही.

डार्करूममध्ये एखादा भाग उजळ वा गडद करणे, कडा कातरणे, निगेटिव्हवरचे ओरखडे काढणे नित्याचे होते. संगणकावरही साधारण तेवढेच मान्य आहे. ‘असोसिएटेड प्रेस’च्या नियमांनुसार चित्रात काही घालता वा त्यातून काही काढता येत नाही. सीरियातील एका छायाचित्राच्या कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा पुसल्याचे कळताच, जानेवारी २०१४ मध्ये या संस्थेने छायाचित्रकाराशी संबंध तोडले. ३१ मार्च २००३ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने पहिल्या पानावर बसऱ्याजवळचा ब्रिटिश सैनिक आणि मूल घेतलेला नागरिक एकाच चौकटीत छापले. छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्कीने दोन छायाचित्रे जोडली होती. मागच्या गर्दीतली काही माणसे दोनदा दिसल्याने ते उघडकीस आले आणि त्याची नोकरी गेली.

पानाच्या सोयीपायीही चूक होते. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या उभ्या मुखपृष्ठावर आडवे छायाचित्र बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले गेले. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ने ओ. जे. सिम्पसनचे पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र मुखपृष्ठावर घेतले; ‘टाइम’ने ते गडद केले. खटला उभा राहण्याआधीच कृष्णवर्णीय आरोपीला भेसूर दाखवल्याची टीका झाली. ती रास्तच होती.

छायाचित्राला हात न लावताही दिशाभूल होते : जुने चित्र ‘संग्रहित’ असे न लिहिता ताज्या बातमीत वापरले, किंवा गुन्ह्याच्या मथळ्याशेजारी दुसऱ्याच बातमीतला चेहरा आला, तर निरपराध माणसाला त्याची झळ बसते.

भारतात लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांबाबत पॉक्सो कायद्याचे (२०१२) कलम २३ माध्यमांवर तसेच बंधन घालते. डोळ्यांवरची काळी पट्टी त्याला पुरत नाही. घराचे दार, शाळेचा गणवेश, आईवडिलांचे चेहरे यांवरूनही गावाला ओळख पटते. इथे चेहरा धूसर करणे कर्तव्यच ठरते, आणि त्यात फसवणूक नाही. काहीतरी झाकले आहे हे वाचकाला दिसते. पुसलेल्या कॅमेऱ्याचा मात्र त्याला पत्ताही लागत नाही.