वासरांचा फुफ्फुसदाह आणि चिकातील प्रतिपिंडे

हिवाळ्यात किनवटच्या डोंगराळ भागात रात्रीचा गारठा वाढला, की महिन्याच्या आतली वासरे धापा टाकू लागतात. नाक वाहते, खोकला येतो, वासरू दूध सोडते. आपण थंडीला दोष देतो. थंडीचा ताण असतोच, पण बरेचदा खरी चूक वासरू जन्मले त्या दिवशी झालेली असते.

गाय, म्हैस, शेळी यांच्या जारेतून प्रतिपिंडे पिलाकडे जात नाहीत. म्हणून वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतातच. ती तोंडावाटे, पहिल्या चिकातून मिळतात. वासराच्या आतड्याचे अस्तर सुरुवातीचे काही तास ही मोठी प्रथिने न पचवता तशीच रक्तात सोडते. सहा तासांनंतर ही क्षमता झपाट्याने घटते आणि साधारण २४ तासांत हा मार्ग बंद होतो. रक्तात पोचलेली प्रतिपिंडेच पुढे फुफ्फुसाचे रक्षण करतात.

अडचण इथेच येते. जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. जार पडायला आठ-दहा तासही लागतात, तोवर मोलाचा वेळ निघून जातो. उलट वासरू कासेला लागले, की गर्भाशय आकुंचन पावते आणि जार पडायला मदतच होते.

चीक वजनाच्या दहा टक्के पाजावा. लाल कंधारीचे वासरू २० किलोचे धरले, तर पहिल्या दिवसात दोन लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत पोटात गेला पाहिजे. उरलेल्याचा खरवस जरूर करावा, पण वासराचा वाटा कधीही उकळू नये. उकळल्यावर प्रतिपिंडे निकामी होतात. गाय आटलेली किंवा दगावली असेल, तर त्याच गोठ्यातल्या किंवा गावातल्या नुकत्याच व्यालेल्या निरोगी गाईचा चीक चालतो. मी पिकांचा माणूस, म्हणून एक सुचवतो: उसाची गोडी मोजायचे ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर चिकालाही चालते. २२ किंवा जास्त आकडा आला, तर चीक चांगला समजावा.

बाजारातून आणलेल्या वासराने चीक प्यायला होता की नाही, हे कळत नाही. त्यात प्रवास, नवा गोठा आणि आईची ताटातूट यांचा ताण. अशा वेळी चिकाची किंवा अंड्याच्या बलकातील प्रतिपिंडांची भुकटी सुचवली जाते. पहिल्या दिवसानंतर दिलेली ही प्रतिपिंडे आतड्यातच काम करतात, हगवणीत थोडी मदत होते. फुफ्फुसापर्यंत ती पोचत नाहीत. फुफ्फुसदाहासाठी त्यावर पैसे घालू नयेत. त्यापेक्षा कोरडे अंथरूण, वारा अडवणारे पोत्याचे पडदे आणि अमोनियाचा वास न साचणारा गोठा यांवर खर्च करावा.

वासराचा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा श्वास घेताना बरगड्या ओढल्या जात असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे. वासराच्या नरड्यात तेल किंवा काढा ओतू नये, तो श्वासनलिकेत उतरून वासरू दगावू शकते.