जखमी स्वाराचा भार कोणी उचलायचा?

घोडेस्वारी शिकवणाऱ्या काही संस्थांत एक चांगली प्रथा आहे. एखादा अनुभवी प्रशिक्षक एक-दोन दिवसांचे शिबिर घेतो, स्वतः मानधन घेत नाही, आणि शिकायला आलेल्यांची फी घोड्यावरून पडून जायबंदी झालेल्या स्वारांच्या मदतनिधीला देतो. आज ही प्रथा मुख्यतः परदेशात दिसते. पण जखमी स्वाराचा भार इतरांनी उचलावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुणे जिल्ह्यापुरते पाहिले तरी तिचा माग साडेतीनशे वर्षे मागे नेता येतो.

सुरुवात मुळशीपासून करू. आजचा मुळशी तालुका म्हणजे शिवकाळातले पौड खोरे, मुठे खोरे आणि आसपासचा मावळ. सह्याद्रीचा माथा जवळ, पाऊस प्रचंड आणि चढउतार उभे. अशा मुलखात घोडा भरधाव सोडायला जागा कमी. त्यामुळे इथला मावळा प्रामुख्याने पायदळात दिसतो. घोडदळाला लागणारे घोडे पूर्वेकडच्या मोकळ्या पठारावर वाढत. मुळा-मुठेचे पाणी पुढे ज्या भीमेला मिळते, तिच्या काठची काटक भीमथडी घोडी त्यासाठी प्रसिद्ध होती.

पायदळ असो वा घोडदळ, जखमींचे पुढे काय होई? कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ साली लिहिलेल्या बखरीत याची नोंद सापडते. १६५९ साली अफजलखानाशी झालेल्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी जखमी झालेल्यांना जखम पाहून २५, ५०, १०० किंवा २०० होन दिले, असे ती सांगते. मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. बखर लढाईनंतर पस्तीस वर्षांनी लिहिलेली असल्याने आकड्यांबद्दल थोडी सावधगिरी हवी. तरी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. मदत जखमेच्या प्रमाणात होती, आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा विचार तीत होता.

याच बखरीतली दुसरी एक नोंद अपघात टाळण्याच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. सरकारी पागेत दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. तहानलेला किंवा सैल नालेचा घोडा अडखळतो आणि त्याच्याबरोबर स्वारही पडतो. नालबंदाचा पगार हा एक प्रकारे जखम होण्याआधीच केलेला खर्च होता.

पागेतला बारगीर सरकारी घोड्यावर बसे, तर शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येई. शिलेदाराचे घोडे मेले की त्याची रोजीरोटीच जाई. इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात ही शिलेदारी पद्धत उचलली, तेव्हा तिच्यातल्या धोक्यावर एक उपायही रूढ झाला. रिसाल्यातले स्वार दरमहा ठरावीक वर्गणी एका फंडात भरत आणि मेलेल्या घोड्याच्या जागी त्यातून नवे घोडे घेतले जाई. हा घोड्यांचा सामुदायिक विमाच होता. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत बंद झाली.

या महायुद्धात पुण्याचे नाव लावणारा, १८१७ साली उभारलेला ‘पूना हॉर्स’ हा रिसालाही फ्रान्सच्या आघाडीवर होता. हातपाय गमावलेले सैनिक हजारोंनी परत येऊ लागले. त्यांना एकरकमी बक्षीस देऊन भागणार नव्हते, जगण्यासाठी नवा धंदा शिकवणे गरजेचे होते. म्हणून १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. १९२२ साली ते पुण्याजवळ खडकीला हलले. १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. हाताला काम मिळाले आणि पायही मिळाले, पण पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांचा प्रश्न उरलाच.

कण्यातून जाणारा मज्जारज्जू तुटला तर हाडासारखा पुन्हा सांधत नाही. इजेच्या खालचा भाग लुळा पडतो आणि संवेदनाही जातात. पहिल्या महायुद्धापर्यंत असे बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. त्यांना मारी मात्र मूळ जखम नव्हे, तर अंथरुणाला खिळल्याने होणारे व्रण आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर काळजी घेणे आणि रुग्णाला खेळायला लावणे असा क्रम सुरू केला. तिथेच १९४८ साली १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली आणि तिच्यातून पुढे पॅरालिंपिक वाढले. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. दोनच वर्षांनी, १९७४ साली, खडकीत अशा सैनिकांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

सैनिकामागे सरकार उभे राहते. पण शर्यतीतल्या किंवा हौशी स्वारामागे कोण? इंग्लंडमध्ये डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि मार्च १९६४ मध्ये पॅडी फॅरेल हे दोन जॉकी अडथळ्यांच्या शर्यतीत पडले. दोघांनाही कायमचे अपंगत्व आले. त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि त्यातूनच जखमी जॉकींचा कायमस्वरूपी निधी उभा राहिला. स्वारीच्या शिबिरांतून निधी जमवण्याची प्रथा याच विचारातली आहे.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. मुळात इजा कमी कशी करायची? लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या जखमेने मरण पावले. त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे अशा अपघातांच्या नोंदी जमवल्या आणि शिरस्त्राणाने जीव वाचतात हे १९४१ साली दाखवून दिले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना ते सक्तीचे केले. जखमींची नीट मोजदाद झाल्यामुळे इतरांचे प्राण वाचले.

शिरस्त्राण काय करते, हे दहावीच्या गणिताने समजते. घोड्यावर बसलेल्याचे डोके जमिनीपासून सुमारे २.४ मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला सेकंदाला सुमारे ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने टेकते. घोडा स्थिर उभा असला तरीही! हा वेग किती अंतरात शून्य होतो, त्यावर इजा अवलंबून असते. सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे ते काढायचे, तर पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागायचे. उघडे डोके कठीण जमिनीवर अर्ध्या सेंटिमीटरात थांबले असे मानले, तर उत्तर ४८० पट येते. टोपीतला फोम चेपून तेच अंतर ३ सेंटिमीटर झाले, तर ८० पट. हा हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा स्पष्ट होतो. जुन्या स्वाराच्या जाड मुंडाशानेही थोड्या प्रमाणात हेच काम केले असणार.

वर्गात एक कच्चे अंडे फरशीवर आणि दुसरे तेवढ्याच उंचीवरून मऊ उशीवर टाकून हे दाखवता येईल. दोन्ही अंड्यांचा टेकतानाचा वेग सारखाच, मग एक का फुटले, असा प्रश्न मुलांना आधी विचारावा.

चांगल्या शिबिरात मांड पक्की करण्याबरोबर हेही शिकवले जाते. टोपीचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा. रिकिबीत पाय अडकून स्वार फरफटू नये म्हणून टाचेचे बूट हवेत आणि टाच खाली दाबलेली हवी. पडताना हात ताठ टेकला तर मनगट किंवा गळ्याजवळचे हाड मोडते, म्हणून अंग गोळा करून लोळण घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पडलेल्याने मान किंवा पाठ दुखते असे सांगितले, किंवा तो शुद्धीवर नसला, तर त्याला बखोटीला धरून उठवू नये. तो श्वास घेतो आहे ना, याकडे लक्ष ठेवावे, मान न हलू देता मदत बोलवावी. मोडलेल्या मणक्याने न दुखावलेला मज्जारज्जू चुकीच्या उचलण्याने दुखावू शकतो.

म्हणजे अशा शिबिराची फी काल पडलेल्याच्या उपचाराला जाते आणि तिथला धडा उद्या पडणाऱ्याला वाचवतो. होन वाटणे आणि नालबंद नेमणे, या दोन्ही गोष्टी सभासदाच्या बखरीत आहेत. आजही दोन्ही लागतात. शाळेच्या सहलीत किंवा थंड हवेच्या ठिकाणी मुले घोड्यावर बसतात, तेव्हा डोक्यावर टोपी आहे का, एवढे पाहणे तर शिक्षकाच्या हातात आहेच.