आजोबांच्या आईचे नाव



आपल्या वर्गात 1 जूनला जन्मलेले किती होते, आठवते का? शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख पुढे आयुष्यभर आपल्याला चिकटली. कागदावर आले तेच खरे! पण जे कागदावर आलेच नाही, त्याचे काय?

मुलीला शाळेसाठी वंशावळ काढायची होती. वडिलांनी पाच पिढ्यांचे पुरुष घडाघडा सांगितले. आजोबांच्या आईपाशी मात्र ते अडले. "आम्ही मोठीआईच म्हणायचो." तिच्या हातचे जेवून वाढलेल्या माणसाला तिचे नाव ठाऊक नव्हते. सांगणारेही कोणी उरले नव्हते.

मी शोध सुरू केला. आमचे गाव तेरणेकाठचे. गावच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात आजोबा सापडले. जन्मसाल फसली 1338. निजामाच्या राज्यातला हा सन. त्यात 590 मिळवले की साधारण 1928 येते. बापाचे नाव होते, जात होती, गाव होते. आईसाठी रकानाच नव्हता.

मग जमिनीचे कागद. जुने उर्दू उतारे उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिले. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. सगळी साखळी बापलेकांची. 1954-55 च्या खासरा पत्रकातही पणजोबांचेच नाव. ज्याच्या नावावर शेत, तोच कागदावर.

पणजोबा 1958 साली वारले. त्यानंतरच्या वारसाच्या फेरफारात, दोन मुलांच्या नावांखाली तिसरी ओळ होती: तिचे नाव, पुढे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, आणि पणजोबांचे नाव. नवऱ्यामागे तिचे नाव शेताला लागले होते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या वाट्यात विधवेला हिस्सा दिला होता. जन्मभर त्याच शेतात राबलेली बाई विधवा झाल्यावर कागदावर आली.

तीन अक्षरांचे नाव. वडिलांनी ते दोनदा मोठ्याने वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

पण त्याच पानावर मला आणखी एक गोष्ट खटकली. आजोबांना तीन बहिणी होत्या. त्याच कायद्याने बापाच्या वाट्यात मुलींनाही हिस्सा होता. फेरफारात तिघींपैकी एकीचेही नाव नाही.

"त्यांनी मागितलंच नाही," वडील म्हणाले.

"त्यांना विचारलं होतं का?"

वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी नातीकडून वंशावळीचा कागद मागून घेतला आणि तिन्ही आत्यांची नावे स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांच्या लेकींची नावे आठवेनात, तेव्हा फोन लावले.

डेटाबेसमध्ये रकाना नसेल तर माहिती शिरत नाही, हे मी नोकरीत रोज पाहते. घरच्या आठवणींचेही तेच असते, हे मला एवढ्या उशिरा कळले. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, वडिलांच्या आधी आईचे नाव येते. रकाना आता झाला. मागच्या बायांचा मात्र आपल्यालाच आखावा लागेल.

स्नेहमेळाव्याहून घरी गेलात की थोरल्यांपाशी बसा आणि आधी बायकांची नावे विचारा. सांगणारी माणसे आहेत तोवरच.