झटपट कर्ज मुदतीत न फेडल्यास काय होते?

पगार होईपर्यंतची नड भागवण्यासाठी मोबाइल ॲपवरून घेतलेले अल्प मुदतीचे कर्ज बहुधा विनातारण असते. रक्कम छोटी असली, तरी थकबाकीचे परिणाम दीर्घकाळ टिकतात. मात्र थकबाकीदारालाही कायद्याने काही हक्क दिले आहेत.

खर्च किती वाढतो?

उदाहरणार्थ, १०,००० रुपयांचे कर्ज ३० दिवसांसाठी दरमहा ३ टक्के व्याजाने घेतले. प्रक्रिया शुल्क ५०० रुपये व त्यावरील जीएसटी ९० रुपये कापून हातात ९,४१० रुपये आले. परतफेड १०,३०० रुपयांची. म्हणजे महिन्याचा खर्च ८९० रुपये आणि वार्षिक दर सुमारे ११५ टक्के. हप्ता चुकल्यास यात दंडात्मक शुल्क आणि बँकेचे बाऊन्स शुल्क यांची भर पडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंडात्मक शुल्क मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

पतनोंदीवर परिणाम

* बँका व बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्या परतफेडीची माहिती सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतमाहिती कंपन्यांना कळवतात. ३०० ते ९०० या श्रेणीतील क्रेडिट स्कोअर त्यामुळे घसरतो.
* थकबाकी ९० दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास खाते सामान्यतः अनुत्पादक ठरते. पुढे घरकर्ज किंवा वाहनकर्ज मिळणे अवघड होते किंवा ते महाग पडते.
* कमी रकमेत तडजोड केल्यास अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पूर्ण परतफेडीइतका तो चांगला मानला जात नाही.

तुरुंगवास होऊ शकतो का?

पैसे नसल्यामुळे कर्ज थकणे हा दिवाणी वाद आहे. केवळ त्यासाठी अटक होत नाही. कर्जदार कंपनीला नव्हे, तर कर्ज देणाऱ्या कंपनीला वसुलीसाठी न्यायालयात किंवा लवादाकडे जाण्याचा मार्ग असतो. परंतु दिलेला धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ लागू होऊ शकते. खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याचा आदेश अपुऱ्या शिलकीमुळे नाकारला गेल्यास प्रदान आणि समझोता प्रणाली अधिनियम, २००७ चे कलम २५ लागू होऊ शकते. दोन्हींत २ वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी असते. म्हणून अशी नोटीस दुर्लक्षित करू नका. खोटी कागदपत्रे देऊन कर्ज घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

वसुली एजंट काय करू शकत नाही?

* सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करणे
* शिवीगाळ, धमकी किंवा चारचौघांत अपमान करणे
* नातेवाईक, मित्र किंवा सहकाऱ्यांना त्रास देणे

कर्जाच्या ॲपने फोनमधील संपर्क यादी, कॉलची नोंद किंवा छायाचित्रे वापरण्यासही मनाई आहे.

हप्ता भरणे शक्य नसल्यास काय करावे?

१. देय तारखेपूर्वीच कंपनीला लेखी कळवा. मुदतवाढ किंवा हप्त्यांची फेररचना मागा.
२. जुने कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपवरून नवे कर्ज घेऊ नका.
३. पैसे एजंटच्या वैयक्तिक खात्यात न भरता कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातच भरा आणि पावती घ्या.
४. संपूर्ण परतफेडीनंतर ना-थकबाकी प्रमाणपत्र घ्या. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल तपासा.

तक्रार कोठे करावी?

प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बनावट ॲप, धमक्या किंवा छायाचित्रांत फेरफार करून बदनामी होत असल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. कॉलची नोंद आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. कायदेशीर मदतीसाठी १५१०० या क्रमांकावर संपर्क साधा.